'का'चं गोत्र : इतक्या भाषांत हा 'का' आला कुठून?

वाकडी_मात्रा

जपानी शिकायला बसलेल्या मराठी माणसाला पहिल्याच आठवड्यात लॉटरी लागते. 'तनाका-सान वा सेन्सेई देस्' म्हणजे तनाका शिक्षक आहेत. याच्या शेपटाला 'का' लावा. 'तनाका-सान वा सेन्सेई देस् का?' शिक्षक आहेत का? संपला धडा. इंग्रजीतून लिहिलेली पुस्तकं यावर पानं खर्च करतात, पुण्यातल्या वर्गात नुसता हशा पिकतो.

गंमत इथेच थांबत नाही. 'चहा का कॉफी?' हे जपानीत 'ओचा का, कोही का?'. आणि समोरच्याचं ऐकून आपण सूर खाली आणत 'असं का!' म्हणतो ना, तिथे ते 'सो देस् का' म्हणतात. त्यात प्रश्न नसतो, फक्त ऐकल्याची पोच असते. सूरसुद्धा तोच.

यावरून 'जपानी मूळची मराठीच' असा एक फॉरवर्ड फिरतोय. माझ्या वर्गात दर बॅचला कोणीतरी तो वाचून दाखवतं. म्हणून हा धागा. माझं मत आधीच सांगून टाकतो: या दोन 'का'चं रक्ताचं नातं शून्य.

आपला 'का' कुठला ते माहीत आहे. का, कोण, काय, कधी, किती, कुठे ही सगळी एकाच 'क'ची पिलावळ. संस्कृतात कः, किम्, कदा, कति, कुत्र. लिथुआनियन भाषेत 'कोण'ला आजही 'कास' म्हणतात आणि 'काय'चं कर्माचं रूप चक्क 'का' असं ऐकू येतं. लॅटिनमध्ये क्विस, क्विद. इंग्रजीत या 'क्व'चा 'ह्व' झाला, म्हणून हू, व्हॉट, व्हाय. म्हणजे आपला 'का' आणि इंग्रजांचा 'व्हाय' खरेखुरे भाऊबंद आहेत, आणि हुबेहूब दिसणारा जपानी 'का' परका. ज्ञानेश्वरीत हाच 'कां' एकामागून एक दृष्टांत देताना 'किंवा' म्हणून येतो, तेव्हा 'चहा का कॉफी'तला 'का' काही कालचा नाही.

जपानी 'का' वाट बदलतो ती पुढे. 'दारे' म्हणजे कोण, 'दारेका' म्हणजे कोणीतरी. 'नानी' काय, 'नानीका' काहीतरी. आपण 'कोणका' म्हणून बघा, घरचे डॉक्टरकडे नेतील. शिवाय जपानीत 'का' म्हणजे डास! 'का देस् का?' = डास आहे का?

तुम्हाला कुठकुठल्या भाषांत 'का' भेटला? अर्थासकट टाका.

काहून_बाप्पा

आमच्या नागपुराकडं 'का'वर भागतच नाही, 'काहून' लागते. काहून आला नाही, काहून बोलून राह्यला. खानदेशात अहिराणीवाले 'काबर' म्हणतात, मालवणी माणूस 'कित्याक'. पुणेकरांनी एका अक्षरात आटपलं, तिथंही कंजुसीच.

आणि बनारसकडला माणूस 'का हो, का हाल बा?' म्हणते त्यातला 'का' म्हणजे 'काय'. तो आपल्याच घरचा, हे कबूल ना?

वाकडी_मात्रा

कबूल, तो घरचाच. पण हिंदीतल्या 'राम का घर' मधला 'का' मात्र वेगळ्या दाराने आलाय. तो 'कृत'पासून, मधे 'केर' असं रूप घेऊन झिजत आला असं मानतात. म्हणजे एकाच कुटुंबात दोन 'का', आणि दोघे एकमेकांचे कोणी नाहीत.

पोथीनिष्ठ

'क'चा विषय निघाला आणि प्रजापती राहिला, हे कसं चालेल?

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात हिरण्यगर्भ सूक्त आहे, १२१वं. पहिल्या नऊ ऋचांच्या शेवटी एकच पालुपद: कस्मै देवाय हविषा विधेम. कुठल्या देवाला आम्ही हवी द्यावा? साधा प्रश्न. दहाव्या ऋचेत प्रजापतीचं नाव येतं. पुढे ब्राह्मणग्रंथांनी या प्रश्नातच उत्तर शोधलं आणि 'क' हेच प्रजापतीचं नाव ठरलं. ऐतरेय ब्राह्मणातली गोष्ट तर नाटकात शोभेल अशी आहे. वृत्राला मारून आलेला इंद्र प्रजापतीला म्हणतो, तुझं मोठेपण मला दे. प्रजापती विचारतो, मग मी कोण? इंद्र म्हणतो, आत्ता जे म्हणालास तेच. कः!

हे नुसतं कथेत राहिलं नाही. पाणिनीला यासाठी वेगळं सूत्र करावं लागलं, 'कस्येत्'. 'क' ज्याची देवता तो 'काय'. यज्ञात 'क'ला द्यायचा पुरोडाश, म्हणजे पिठाची आहुती, तो काय. करंगळीच्या मुळाशी हाताचा जो भाग, त्याला मनुस्मृतीत कायतीर्थ म्हटलंय. आपल्या 'काय'शी याचा थेट संबंध नाही, पण दोघांच्या मुळाशी प्रश्नार्थक 'क'च बसलाय.

छांदोग्य उपनिषदात 'कं ब्रह्म खं ब्रह्म' येतं, तिथे 'कम्' म्हणजे सुख. त्याच्या उलट 'अकम्', दुःख. आणि जिथे दुःख नाही तो 'नाक', म्हणजे स्वर्ग. वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या यास्काने अशीच फोड केली आहे.

झणझणीत_रस्सा

पोथीनिष्ठ, जबरदस्त! आता ऐका. प्राचीन इजिप्तमध्ये 'का' म्हणजे माणसातलं चैतन्य. आपल्याकडे 'क' म्हणजे प्रजापती, सगळ्यांना प्राण देणारा. त्यांच्याकडे मेलेल्याच्या 'का'ला अन्न ठेवायचे, आपल्याकडे पिंड ठेवतात आणि त्याला शिवतो कोण? काक! अजून काय पुरावा पाहिजे?

नाईलकाठची_नमू

रस्साभाऊ, तर्रीवर हात आखडता घ्या थोडा.

इजिप्तच्या चित्रलिपीत स्वर लिहीतच नाहीत. जो शब्द आपण 'का' वाचतो त्याची खूण म्हणजे कोपरात वळवून वर केलेले दोन हात. त्यात 'क' हे व्यंजन आहे आणि पुढे एक घशातलं व्यंजन, जे आजच्या अभ्यासकांना तोंडाने म्हणायला सोपं जावं म्हणून 'आ' असं वाचायची रीत पडली. म्हणजे 'का' हा उच्चार आपल्या सोयीचा आहे, फॅरोच्या तोंडचा नव्हे.

मग फॅरोच्या काळी काय म्हणत असतील? एक धागा हाताला लागतो. मेम्फिस शहरातल्या प्ताह देवाच्या मंदिराचं नाव 'हुत-का-प्ताह', प्ताहच्या 'का'चं घर. आता इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातली अमार्ना पत्रं बघा. ती बाबिलोनच्या बाजूच्या कीललिपीत मातीच्या विटांवर लिहिलेली आहेत, आणि कीललिपीत स्वर लिहितात. तिथे हे नाव 'हिकुप्ताह' असं आलंय. 'का' कुठे, 'कु' कुठे!

हेच नाव ग्रीकांनी ऐकलं, त्यांच्या जिभेवर ते 'ऐगुप्तोस' झालं, त्याचं पुढे 'इजिप्त'. एका देवळावरून अख्ख्या देशाचं नाव पडलं, आणि त्या नावाच्या पोटात 'का' अजून आहे.

त्यांच्या 'का'ची कल्पना मात्र सुंदर आहे. ख्नूम हा मेंढ्याच्या डोक्याचा देव कुंभाराच्या चाकावर मूल घडवतो, आणि त्याच वेळी शेजारी त्या मुलाचा 'का' घडवतो, दिसायला तसाच. हातशेप्सुत राणीच्या देवळात भिंतीवर हे कोरलंय. कैरोच्या संग्रहालयात होर नावाच्या राजाचा लाकडी पुतळा आहे, १८९४मध्ये दहशूरला सापडलेला. अंगावर वस्त्र जवळपास नाही, डोळे जडवलेले, आणि डोक्यावर टोपी असावी तसे ते दोन उभे हात. फोटोत हसू येतं, समोर उभं राहिल्यावर येत नाही.

जाता जाता, त्याच व्यंजनांनी लिहिलेला दुसरा 'का' म्हणजे बैल. आणि अल्बेनियन भाषेत 'का' म्हणजेही बैल! झालं, अल्बेनियाही आपलाच म्हणायचा का?

डेकवर_चहा

मर्चंट नेव्हीत आहे. आमच्या जहाजावर निम्मा क्रू फिलिपिनो. पहिल्या दिवशी एक जण हसत येतो नि विचारतो, 'कुमुस्ता का?' मला वाटलं, हा मराठीत काहीतरी विचारतोय आणि मलाच कळत नाही. अर्थ 'कसा आहेस?'. 'कुमुस्ता' स्पॅनिश 'कोमो एस्ता'वरून घेतलेलं, आणि 'का' म्हणजे 'तू'! प्रश्नाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

जेवायच्या वेळी तर कहर. 'कुमाइन का ना बा?' म्हणजे जेवलास का. यात 'का' म्हणजे तू, 'ना' म्हणजे एव्हाना, आणि प्रश्न कोण विचारतंय तर शेवटचा 'बा'. मला ऐकू येतं ते असं, की आमच्या गावचा म्हातारा ओट्यावरून हाक मारतोय.

ऑकलंडची_सई

न्यूझीलंडच्या रग्बी टीमचा सामन्याआधीचा हाका, तो आरोळ्या देत केलेला नाच, सगळ्यांनी बघितला असेल. 'का माते! का माते! का ओरा! का ओरा!' माझी आई पहिल्यांदा टीव्हीवर ऐकून म्हणाली, हे देवीला एवढं का ओरडून विचारतायत? का, माते?

माओरीत, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत, 'माते' म्हणजे मरण, 'ओरा' म्हणजे जगणं. क्रियापदाच्या पुढे 'का' आला की काहीतरी घडू लागलं, आता नवीन काही सुरू झालं असं समजायचं. काळ कुठला ते संदर्भावरून. मरतोय, मरतोय, जगतोय, जगतोय! तेराउपाराहा या सरदाराने १८२०च्या सुमारास, शत्रूपासून रताळ्यांच्या खड्ड्यात लपून वाचल्यावर हा रचला असं सांगतात. २०१४मध्ये त्याचं श्रेय त्याच्या जमातीला द्यावं म्हणून इथे कायदाही झाला. रोजच्या बोलण्यात 'का पाई' म्हणजे छान, झकास.

आता धाग्याच्या कामाची गोष्ट. हवाईची भाषा माओरीची सख्खी बहीण. तिथेही 'का' आहे. पण तिथे तो इंग्रजी 'द'सारखा, नामाच्या आधी लागणारा. हवाईच्या बेटाचं दक्षिण टोक 'का लाए', म्हणजे 'ते टोक'. काही अक्षरांआधी 'का'चा 'के' होतो. दोन बहिणी, दोघींकडे 'का', म्हणजे एकच शब्द असणार ना? नाही! हवाईकरांनी जुन्या 'त'चा सरसकट 'क' केलाय. माओरी 'तापु' तिकडे 'कापु', 'तांगाता' (माणूस) तिकडे 'कानाका'. माओरीत नामाआधी 'ते' लागतो, तोच तिकडचा 'के'. आणि जुन्या 'क'चं हवाईत काय झालं? घशात अडकला, नुसता आवंढा उरला. त्यामुळे माओरी 'का'चा खरा भाऊ तिकडे 'क' घेऊन येणारच नाही.

झणझणीत_रस्सा

मान्य, इजिप्त सोडलं. पण प्रश्नाचा 'का', शेवटी येणारा, अर्थही तोच, जपान आणि महाराष्ट्र दोन्हीकडे. याला नुसता योगायोग म्हणणं म्हणजे अभ्यासकांचा आळस आहे.

वाकडी_मात्रा

आळस नाही हो, हिशोब आहे. जगात सुमारे ७,००० भाषा. त्यातल्या बहुतेकींत 'क' आहे, 'आ' तर जवळजवळ सगळीकडे. रोज हजारदा तोंडात येणारे शब्द झिजून झिजून एका अक्षराचे होतात, आणि हवाईसारख्या भाषेत व्यंजनंच मुळी आठ. एवढ्या कमी पत्त्यांत इतके डाव मांडल्यावर तेच पान दोघांच्या हातात येणारच. उलट कुठेच जुळलं नसतं तर मी चक्रावलो असतो.

'शेवटी येतो' हाही पुरावा नव्हे. दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी, म्हणून प्रश्नाचं शेपूटही त्याच्या मागे. कोरियनमध्येही अदबीने विचारलेला प्रश्न 'क्का'वर संपतो, 'आन्न्योंग-हाशिम्निक्का?'. जपानीचं नातं शोधायचं तर शेजारच्या कोरियात आधी बघा, तिथलाच वाद अजून मिटलेला नाही.

योगायोग किती लांब जातो ते सांगतो. फारसीतला 'बद', जो आपण बदनाम आणि बदसूरमध्ये वापरतो, आणि इंग्रजी 'बॅड'. अर्थ तोच, उच्चार जवळपास तोच, नातं नाही. लॅटिन 'देउस' आपल्या 'देव'चा सख्खा, पण ग्रीक 'थेओस' या दोघांचाही कोणी नाही. आणि सगळ्यावर कडी म्हणजे ऑस्ट्रेलियाची म्बाबाराम भाषा. क्वीन्सलंडमधली, १९६०च्या दशकात डिक्सन या भाषाशास्त्रज्ञाने तिच्या उरल्यासुरल्या बोलणाऱ्यांना गाठलं. कुत्र्याला काय म्हणता, विचारलं. उत्तर आलं, 'डॉग'. त्यांना वाटलं इंग्रजीतून घेतला असेल. शेजारच्या यिदिन्य भाषेत कुत्रा म्हणजे 'गुडागा'. म्बाबाराममध्ये अशा शब्दांचं पहिलं अक्षर गळतं, स्वर बदलतो, शेवट तुटतो, आणि हे नियमाने घडतं. गुडागाचा 'डॉग' अगदी रीतसर झाला होता.

नातं ठरवतात ते अशा नियमांवरून. सईताईंनी 'त'चा 'क' दाखवला तसा. चेहरा बघून सोयरीक जमवत नाहीत.

चेन्नईत_अडकलेला

जपानमध्येही तुमच्या फॉरवर्डवाल्यांचा मोठा भाऊ होऊन गेला. सुसुमु ओनो, तिथले नावाजलेले भाषापंडित. त्यांनी जपानीचं नातं तमिळशी जोडलं, शेकडो शब्दांच्या जोड्या लावल्या. भाषाशास्त्रज्ञांनी ते मानलं नाही, पण इथे चेन्नईत कौतुक अजून आहे. तेव्हा रस्साभाऊ, रांगेत या, तुमच्या आधी तमिळ लोक उभे आहेत.

तमिळमध्ये एकाक्षरी शब्दांची चंगळ आहे. 'आ' गाय, 'ई' माशी, 'ती' आग, 'पू' फूल. 'का' म्हणजे राई, झाडी. तिरुचिरापल्लीजवळचं जंबुकेश्वराचं देऊळ जिथे आहे ते 'तिरुवानैक्का', आनै म्हणजे हत्ती, हत्तीची राई. आणि कोणाला 'का' म्हटलं तर 'राख, सांभाळ'. देवासमोर हात जोडून म्हणतात.

पोथीनिष्ठ

काकाचं राहिलंच. काक हा शब्द आवाजावरून पडला असं यास्कही म्हणतो. तमिळ 'काक्कै', थाई भाषेत कावळा 'का', जपानी कावळा तर 'का का' असंच ओरडतो. इथे ना नातं, ना योगायोग. कावळ्याची कृपा.

बँकॉक_लोकल

थाईत 'का' म्हणजे चहाची किटलीही. पण एक सांगते, बायका बोलताना वाक्याच्या शेवटी जे लावतात, 'सवादी खा', ते पर्यटक इंग्रजीत 'का' लिहितात म्हणून सगळे 'का' समजतात. तो चक्क 'ख' आहे. चिनी भाषेतही तेच. बँकेच्या कार्डाला 'खा' म्हणतात, इंग्रजी 'कार्ड'वरूनच घेतलंय, आणि रोमन लिपीत ते 'का' दिसतं. त्याचं अक्षर मजेशीर आहे, वर 'वर'ची खूण, खाली 'खाली'ची, म्हणजे ना वर ना खाली, मधेच अडकलेलं. 'अडकणे' हाही त्याचा अर्थ. देवनागरीवाल्याने कानाने ऐकलं तर यादीतले अर्धे 'का' गळतील. व्हिएतनामी 'का' मात्र खरा. सूर चढवून म्हटला की मासा, उतरवून म्हटला की वांगं. बाजारात जपून!

नैरोबीकर

स्वाहिलीत गोष्ट सांगताना पहिल्या क्रियापदाला साधा भूतकाळ, आणि मग पुढच्या प्रत्येकात 'का'. 'निलिक्वेंदा सोकोनी, निकानुनुआ न्दीझी, निकारुदी न्युंबानी.' बाजारात गेलो, मग केळी घेतली, मग घरी आलो. तो मधला 'मग' म्हणजे 'का'. सईताईंचा माओरी 'का'ही असाच गोष्ट पुढे ढकलतो असं दिसतंय. आफ्रिका आणि न्यूझीलंड!

ऑकलंडची_सई

हो, अगदी तसाच. गोष्टीत एकामागून एक 'का' येतात. रस्साभाऊंना सांगू नका.

झणझणीत_रस्सा

वाचलं. मी आता स्वाहिली शिकतोय.

वाकडी_मात्रा

जपानी 'का'वर राहिलेलं एक. दोन भाषांत खरी देवघेव झाली ती शब्दांची नव्हे, क्रमाची. जपानी मुळाक्षरांच्या ओळी अशा लागतात: आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपल्या बाराखडीच्या तक्त्याशेजारी ठेवा. 'सा' पूर्वी च-त्सच्या जवळचा होता आणि 'हा' पूर्वी 'पा' होता, म्हणजे क, च, त, न, प, म, य, र, व. बौद्ध भिक्षू सिद्धम् लिपीतून संस्कृत शिकत, त्यांच्याकडून ही मांडणी तिकडे रुळली. फॉरवर्डमध्ये हे घातलं असतं तर मी स्वतः पुढे पाठवला असता.

डेकवर_चहा

एक शंका. आमचा चीफ कुक साठीच्या आसपास आहे, त्याला मी रोज 'कुमुस्ता का' म्हणतो. परवा एकाने डोळे वटारले. काही चुकतंय का?

मनिलात_मुक्काम

अहो, 'का' म्हणजे 'तू' हे तुम्हीच वर लिहिलंय! वयाने मोठ्या माणसाला अरेतुरे कसं चालेल? तिथे 'का' नको, 'कायो' म्हणायचं, म्हणजे 'तुम्ही'. आणि मधे आदराचा 'पो' घालायचा. 'कुमुस्ता पो कायो?'

डेकवर_चहा

कायो? मी कोल्हापूरचा आहे, 'काय ओ' मला शिकवावं लागणार नाही. उद्याच म्हणतो.